‘मॅडम, एक साधाच प्रश्न होता’

वकिलीची सनद मिळाल्यावर मला पहिला कायद्याचा प्रश्न विचारला तो रसवंतीवाल्यानं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर त्याचं चरक होतं. काळा कोट पाहून ग्लास पुढं करत म्हणाला, “मॅडम, एक साधाच प्रश्न होता. बारा वर्षं झाली की भाड्याची जागा आपली होती का?”

परीक्षा नुकतीच झालेली. १९६३ चा मुदतीचा कायदा, त्यातला अनुच्छेद ६५, प्रतिकूल कब्जा म्हणजे काय, तो उघड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा कसा असावा लागतो, सगळं मी दहा मिनिटं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी होती का न्हाई?”

नाही होत. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं राहतो. बारा वर्षं राहो नाहीतर चाळीस, नुसतं राहिल्यानं जागा त्याची होत नाही. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण खरी गंमत पुढंच आहे. तो भाडेकरू नव्हताच, मालक होता. त्याच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस ‘बारा वर्षं झाली, आता तू मला काढून दाखव’ म्हणत होता, म्हणून ह्याची झोप उडाली होती. विचारणारा कोण आहे हे न विचारताच मी दहा मिनिटं बोलले होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. दरवर्षी दोन-तीन नवी मुलं-मुली ऑफिसात येतात. त्यांना कलमं माझ्यापेक्षा ताजी पाठ असतात. मात्र समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी चेक. तालुक्यात बाजार समिती असेल, दूध संघ असेल, तर चेक ‘वटला नाही’ म्हणून आलेला माणूस तुम्हाला आठवड्यात एकदा तरी भेटणारच. प्रश्नही ठरलेला: “केस होईल ना?” ज्युनिअर असताना एका कांद्याच्या व्यापाऱ्याला मी छातीठोकपणे म्हणाले, होईल, सोमवारी या, नोटीस पाठवू. तो सोमवारी आला. नोटीस टाइप झाली, माझ्या सीनिअर सरांपुढं सहीला ठेवली. सरांनी नोटीस बाजूला सारली आणि चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मागितला. मेमोला चौतीस दिवस झाले होते.

१८८१ च्या परक्राम्य संलेख, म्हणजे चेक-हुंड्यांच्या, कायद्यातलं कलम १३८ म्हणजे सगळा तारखांचा खेळ आहे. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस मिळतात. तरी दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते, नोटिशीच्या उशिराला ती सोय नाही. माझा चेहरा पडला. सरांनी मेमो उलटा करून खालचा चेक पाहिला आणि म्हणाले, “चेकवरची तारीख वाच.” चेकची मुदत तीन महिन्यांची, ती संपायला अजून अठरा दिवस बाकी होते. चेक पुन्हा बँकेत टाकला, पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला आणि त्या मेमोवरून नवी नोटीस गेली. मुदतीत असलेला चेक पुन्हा भरता येतो आणि दुसऱ्या वेळच्या अनादरावरून खटला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या निकालात स्पष्ट केलंय. व्यापाऱ्याला हे काही कळलं नाही. तो मला मोठी वकील समजून पेढे देऊन गेला. पेढे सरांनी खाल्ले.

तेव्हापासून चेकवाला आला की मी आधी चेक आणि मेमो टेबलावर ठेवायला लावते, बोलणं त्यानंतर. “कागद घरी आहेत, तुम्ही नुसतं सांगा” म्हणणाऱ्याला मी काहीच सांगत नाही.

जमिनीचं मात्र इतक्यात आटोपत नाही. आमच्याकडं येणाऱ्या दहा माणसांतल्या सहांच्या हातात सातबारा असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांची समजूत असते की सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी, नाव गेलं म्हणजे जमीन गेली. सातबारा हा महसुली कागद आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून तो बनतो. सातवर कब्जेदाराचं नाव आणि इतर हक्क, बारावर पीकपाणी. त्यावरच्या नोंदीनं मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. मालकी शोधायची तर मागं जावं लागतं: खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूमनामा. म्हणून सातबारा हातात घेतलात की त्यावरचे फेरफार क्रमांक वहीत उतरवा आणि पक्षकाराला तेवढे सगळे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाच्या नकला, काढून आणायला सांगा. तो कुरकुरेल. जुने फेरफार मोडी लिपीत निघाले तर आणखी कुरकुरेल. पण घराण्याची खरी कहाणी तिथं सापडते. कोण कधी वारला, कुणाची नावं लागली, कोणत्या बहिणीचं नाव लागून दोन वर्षांनी ‘स्वखुशीने’ कमी झालं, सगळं.

फेरफार नोंदीला हरकत घ्यायला नोटिशीनंतर पंधरा दिवस असतात. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांतांकडं अपील, साठ दिवसांत. लोक येतात ते बहुतेक सहा वर्षांनी. मग उशीर माफीचा अर्ज आणि नोंद कधी कळली याची गोष्ट. ती गोष्ट खरी असेल तरच लिहा, एवढंच सांगते.

आणि बहिणींचा प्रश्न. तो बहिणी फार कमी वेळा विचारतात. भाऊ विचारतो. बहीण शेजारी पदर सावरून बसलेली असते आणि भाऊ म्हणतो, “हिचं हक्कसोडपत्र करायचंय, हिला काही नकोय.” मी बाई असल्यानं मला एक सवलत मिळते. भावाला मी झेरॉक्स काढायला पाठवते आणि तिला विचारते, “ताई, तुम्हाला खरंच नकोय?” काही जणी मनापासून हो म्हणतात. माहेर तुटायला नको हा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो आणि त्यावर मी भाषण देत नाही. काही जणी विचारतात, “माझं लगीन एकोणनव्वदला झालं, मला मिळतंय का तरी?”

मिळतं. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच जन्मानं सहदायक, म्हणजे हिस्सेदार, झाली. आपल्या राज्यानं १९९४ मध्ये असा कायदा केला होता, पण तो तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता होता. म्हणून जुन्या वकिलांच्या तोंडून अजूनही ‘चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालंय, संपलं’ असं ऐकू येतं. २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात मिटवला. हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा रीतसर वाटणी या दुरुस्तीनं उलटत नाही. म्हणजे इथंही आधी तारीख विचारा. आणखी एक गोष्ट विचारायला विसरू नका: जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली की आजोबांकडून आलेली? आमच्याकडं वडिलांची प्रत्येक वस्तू ‘वडिलोपार्जित’ असते, स्कूटरसुद्धा. स्वकष्टार्जित मिळकतीचं वडील हयातीत काहीही करू शकतात, मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र न करता ते गेले, तर मुलं, मुली, विधवा आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना सारखा हिस्सा.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, नोटरीपुढची सही पुरत नाही. नोटरीच्या शिक्क्यावर लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा न्यायाधीशावरही नसेल. त्यातला सगळ्यात महागात पडणारा विश्वास सोडचिठ्ठीवरचा. दोन्हीकडचे पंच बसतात, भांडी-दागिने परत होतात, स्टॅम्पपेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही’ असं लिहिलं जातं, नोटरी शिक्का मारतो आणि दोन्ही घरं सुटकेचा श्वास टाकतात. वर्षभरानं त्यातलं कुणीतरी माझ्यासमोर बसलेलं असतं: “मॅडम, सोडचिठ्ठी झालीय, दुसरं लगीन ठरलंय, काही अडचण न्हाई ना?” अडचण मोठी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदानं मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते, आणि ते दिसतं तितकं सोपं नसतं. नाहीतर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि द्विभार्येचा गुन्हा डोक्यावर येतो. दोघांची संमती असेल तर कलम १३ब आहेच. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं. समेटाची आशा उरली नसेल तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात म्हटलंय. हे सांगताना आवाज चढवू नका. समोरचीला कागद करून देणारा तिचा मामा असतो आणि तो बाहेर बाकावर बसलेला असतो.

पोलिसांचे प्रश्न रात्री येतात, फोनवर. “ठाण्यातनं फोन आलाय, जाऊ का?” पहिला प्रश्न: साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून? साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. आरोपी म्हणून असेल तर लेखी नोटीस आहे का विचारा, आणि नोटीस असेल तर जायला सांगा, टाळायला सांगू नका. “साहेब फिर्याद घेत न्हाईत, एनसी करून पाठवलं” हा दुसरा फोन. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. घडलेला प्रकार दखलपात्र असेल तर पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो, असं ललिता कुमारी निकालानं २०१३ मध्येच सांगितलंय. काही मोजक्या प्रकारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा असते. नोंदवत नसतील तर अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायचा, पोचपावती जपायची, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर आकडे बदललेत. लोक अजून ‘चारशेवीस लावा’ म्हणतात आणि आपण मनात ३१८ म्हणायचं. पण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर चारशेवीसच लागतं. पुन्हा तारीख.

बाकीचे प्रश्न पटापट उरकतात. अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवायला लागत नाही असं प्रत्येक घरमालक सांगतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लेखी करार आणि नोंदणी दोन्ही लागतात, जबाबदारी मालकाची. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, पण दोन साक्षीदार हवेतच, आणि ते शक्यतो करणाऱ्यापेक्षा तरुण निवडा. हे शेवटचं कायद्यात नाही, माझ्या अनुभवातलं आहे. बँकेतला नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो, तो पैसे वारसांसाठी स्वीकारतो. हे ऐकल्यावर नॉमिनी असलेला भाऊ दुसऱ्या वकिलाकडं जातो. वारस दाखला आणि सक्सेशन सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला आपल्याकडं अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो, दुसरा मयताच्या ठेवी, शेअर, येणं अशा गोष्टींसाठी. बँकेनं नेमका कोणता मागितलाय ते लेखी आणायला सांगा. एका विधवेला मी चुकीचा अर्ज करायला लावला होता आणि तिचे सात महिने गेले. फी परत केली, पण महिने कुठून परत करणार?

फीबद्दल दोन शब्द. “जिंकलो की निम्मी जमीन विकून देतो” असं म्हणणारे भेटतील. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी किंवा टक्का ठरवायला मनाई आहे. ज्याच्याकडं खरंच काही नाही त्याला तालुका विधी सेवा समितीकडं न्या. तिथं बाईला उत्पन्नाची अटच नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. शिवाय स्त्रियांना पोटगी, घटस्फोट, मालमत्ता, हिंसाचार अशा प्रकरणांत कोर्ट फी १९९४ च्या अधिसूचनेनं माफ आहे. हे माहीत नसल्यानं कितीतरी बायका मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरायला निघालेल्या मी पाहिल्यात. अधिसूचनेची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असते.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, ज्याला कलम नाही: “किती दिवस लागतील?” सुरुवातीला मी आकडा सांगायचे. वर्ष, दीड वर्ष. दीड वर्ष झाल्यावर तो आकडा माणूस पाठ म्हणून दाखवायचा. आता मी आकडा सांगत नाही. आमच्याच कोर्टातल्या तशाच दाव्याचा रोजनामा मोबाइलवर उघडून त्याच्यापुढं धरते. समन्स बजावलं, कैफियत दाखल, मुदतीचा अर्ज, मुदतीचा अर्ज, न्यायाधीश रजेवर, मुदतीचा अर्ज. तो खाली सरकवत जातो आणि मध्येच थांबतो. मग त्याच्या मुलाला बोलावून ई-कोर्ट्सचं ॲप त्याच्या फोनमध्ये टाकून देते, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, आला की तो कुठं भरायचा ते दाखवते. यामुळं ‘तारीख कधी आहे?’ हे फोन निम्म्यावर आलेत. आता फोन येतो तो सकाळी आठला, “मॅडम, ॲपमध्ये पुढची तारीख दिसतीय अन् तुम्ही सांगितलेली येगळी हाय, खरी कोंची?”

ॲपमधली खरी असते. मी बोर्ड पाहून घाईत लिहून घेतलेली असते.