थ्रॉटल सेन्सर तपासताना बारावीचं प्रॅक्टिकल आठवा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या फिजिक्स लॅबमध्ये मी ३१ वर्षं सहायक होतो. दर वर्षी बारावीच्या पोरांना पोटेन्शिओमीटर मांडून द्यायचो. लाकडी पाटावर ताणलेली तार, तिच्यावर टेकवत न्यायचा जॉकी आणि समोर गॅल्व्हानोमीटरचा काटा. जॉकी तारेवर घासू नका, तार झिजते, असं ओरडून घसा बसायचा. निवृत्तीनंतर तीच झिजलेली तार मला स्वतःच्या गाडीच्या बॉनेटखाली सापडली.

गाडी जुनी, पेट्रोलची, केबलच्या ॲक्सिलरेटरची. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये मागून कुणी बंपर ओढावा तसा झटका बसायचा. पण केव्हा? पाय जेमतेम टेकवलेला असताना. जोरात दाबला की गाडी सुतासारखी सरळ. एका गॅरेजवाल्याने पेट्रोलचा पंप बदलायला सांगितला. पंप दमला असता तर जोर मागितल्यावर रडला असता, हलक्या पायाला नाही. म्हणून संशय थ्रॉटल सेन्सरवर गेला आणि घरी येऊन मल्टिमीटर काढला.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग. त्याच्या कडेला, ॲक्सिलरेटरची केबल जिथे झडपेच्या छोट्या चाकाला अडकते त्याच्या बहुधा विरुद्ध बाजूला, दोन स्क्रूंनी बसवलेला काळा प्लॅस्टिकचा डबा दिसेल, तोच थ्रॉटल सेन्सर. त्याला बहुधा तीन वायरींचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, असतो. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर सरकणारी पत्ती. म्हणजे तार आणि जॉकीच. पट्ट्याच्या एका टोकाला गाडीचा कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, दुसरं टोक अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेलं, आणि पत्ती तिसऱ्या वायरवर सांगते की झडप किती उघडली. शहरात आपला पाय दिवसभर जेमतेम टेकलेला असतो, त्यामुळे पट्टा तेवढ्याच दोन-तीन मिलिमीटरमध्ये झिजतो. पत्ती त्या खड्ड्यावर आली की व्होल्टेज क्षणभर पडतं, कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हरने पाय काढला, तो पेट्रोल आखडतो आणि तुम्हाला झटका बसतो.

आता काम. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला, किल्ली ऑन, पण इंजिन सुरू करायचं नाही. रेडिएटरचा पंखा आपण होऊन फिरू शकतो, तेव्हा बाह्या आणि मीटरच्या वायरी तिथून लांब. मीटर डीसी २० व्होल्टवर. कपलर काढायचा नाही, लावलेलाच ठेवायचा. वायर जिथून कपलरमध्ये शिरते तिथून, रबराच्या कडेने, टाचणी आत सारायची आणि प्रोब टाचणीला लावायचा. मी हिच्या शिवणाच्या डब्यातल्या तीन टाचण्या नेल्या, त्याबद्दल अजून ऐकतो. टाचण्या एकमेकींना चिकटू देऊ नका. आणि वायरीचं आवरण टोचून भोक तर मुळीच पाडू नका. साताऱ्याच्या पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी आतली तांब्याची तार हिरवी पडते.

वायरींच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक गाडीचे वेगळे. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि लालने तिन्ही टाचण्या पाळीपाळीने तपासा. एकीवर ५ च्या आसपास, एकीवर जवळजवळ शून्य, आणि तिसरीवर अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यान काहीतरी येईल. ती तिसरी सिग्नलची. माझ्याकडे ४.९८, शून्य आणि ०.६२ आले.

इथे बहुतेक जण घाई करतात. सिग्नल चुकीचा दिसला की सेन्सर विकत आणतात. आधी त्याला जेवायला मिळतंय का ते बघा. ५ व्होल्ट येतच नसतील तर कपलर काढून वायरीच्या बाजूने पुन्हा मोजा. आता आले, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. तरीही नाही आले, तर वायर तुटलेली असेल किंवा त्याच ५ व्होल्टवर चालणारा दुसरा एखादा सेन्सर ते ओढून खाली नेत असेल; ते एकेक सुटे करून बघायचे. उंदरांनी वायर कुरतडणं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोजचंच. मग अर्थ. मीटर लहान रेंजवर आणून अर्थची टाचणी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. ०.०५ व्होल्टच्या आत हवं. त्याहून जास्त असेल तर सेन्सरची काही चूक नाही, अर्थचा नटबोल्ट घासून साफ करा.

दोन्ही ठीक असेल तर खरी परीक्षा. लाल प्रोब सिग्नलला, काळा सेन्सरच्या अर्थला. थ्रॉटलचं चाक हाताने, अगदी सावकाश फिरवा. आकडा न अडखळता चढत जायला हवा आणि पूर्ण उघडल्यावर साधारण साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान कुठेतरी थांबायला हवा. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. चढण सलग आहे का, हे बघायचं. सोडल्यावर पुन्हा पहिल्याच आकड्यावर यायला हवा. शेवटी एकदा शेजारच्या पोराला बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. हाताने ४ येतात आणि पेडलने ३, तर केबल सैल आहे.

माझ्या डिजिटल मीटरने पहिल्यांदा मला फसवलं. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, मधला खड्डा त्याला दिसतच नाही. मग लॅबच्या भंगाराच्या लिलावात घेतलेला काट्याचा मीटर लावला. ०.६२ पासून काटा चढला आणि ०.९ च्या जवळ पटकन खाली आपटून परत वर आला. पुन्हा केलं, त्याच जागी. दहा वेळा केलं, दहाही वेळा. काट्याचा मीटर नसेल तर तुमच्या मीटरवर मिन-मॅक्सचं, म्हणजे सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारं बटण आहे का बघा, आणि सुरुवातीचा पाव भाग अगदीच हळू, तीन-चारदा फिरवा. फिरवताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर हलकेच टकटक करा. आकडा उडाला की समजायचं.

ओहमवरही तपासता येतं, पण किल्ली बंद आणि कपलर काढूनच. दोन टोकांमधला रोध स्थिर राहतो, सिग्नलची पिन आणि टोक यांच्यातला सलग बदलतो. मी व्होल्टच्या चाचणीला जास्त मानतो, कारण ती सेन्सर कामावर असताना होते.

गाडी नवी असेल, केबलच नसेल, तर हात आवरा. तिथे झडप मोटर हलवते, कपलरला बहुधा सहा वायरी असतात आणि सिग्नल दोन. किल्ली ऑन असताना बोट आत घालायचं नाही. पेडल दाबूनच दोन्ही सिग्नल बघायचे. काहींत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. काहींत पट्टाच नसतो, चुंबकावर चालतं, तिथे ओहमची चाचणी निरर्थक.

नवा सेन्सर बसवताना स्क्रूची भोकं लांबट असतील तर स्क्रू अर्धवट आवळून, मीटर लावूनच डबा फिरवा आणि बंद झडपेचं व्होल्टेज गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणून मग घट्ट करा. त्याआधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन पुसून घ्या, नाहीतर झडप पूर्ण मिटत नाही आणि आकडा खोटा येतो. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि दोनदा करावं लागलं.

टाचण्या परत डब्यात ठेवल्या. एक वाकडी झाली होती, तिचं काही बोललो नाही.