तारांजवळची झाडे छाटताना : ‘लाईन बंद आहे’ याची खात्री कशी करावी

एप्रिल-मे महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांमध्ये झाडांच्या छाटणीची घाई उडते. अर्ज मंजूर झालेला असतो, माणसे ठरलेली असतात, आणि गुलमोहराची किंवा सोनमोहराची जी फांदी सर्वांत आधी काढायची असते, तीच नेमकी तारांवर आलेली असते. पुढील सूचना अशा कामावर देखरेख करणारे ठेकेदार, मुकादम आणि सोसायटीचे पदाधिकारी यांच्यासाठी आहेत. झाडावर कसे चढावे किंवा करवत कशी चालवावी हे येथे सांगितलेले नाही; ते जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकावे लागते.

पहिला घोटाळा कागदावर होतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी अथवा छाटण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली की सर्व परवानग्या झाल्या असा समज करून घेतला जातो. त्या पत्राचा विजेशी काहीही संबंध नसतो. वीजपुरवठा बंद करण्याची विनंती वीज कंपनीच्या स्थानिक शाखा किंवा उपविभाग कार्यालयाकडे स्वतंत्रपणे, लेखी आणि काही दिवस आधी करावी लागते. ठाणे व नवी मुंबईच्या बहुतेक भागात हे कार्यालय महावितरणचे असते. कळवा, मुंब्रा आणि शीळ परिसरात वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे आहे. मनोऱ्यांवरून जाणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्या, जशा कळवा-ऐरोली पट्ट्यात दिसतात, त्या महापारेषणसारख्या पारेषण कंपन्यांच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या खालचे झाड खासगी ठेकेदाराने हातात घेऊच नये.

तारांची ओळख जमिनीवर उभे राहूनच करून घ्यावी. खांबावर एकाखाली एक अशा चार-पाच उघड्या तारा आणि लहान चिनी मातीचे इन्सुलेटर दिसले, तर ती बहुधा लघुदाब वाहिनी असते. तिच्यातील एका फेजचा दाब २३० व्होल्ट, तर दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्ट असतो. तीनच तारा, त्याही आडव्या किंवा त्रिकोणात, आणि मोठे इन्सुलेटर किंवा चकत्यांची माळ असेल, तर ती उच्चदाब वाहिनी समजावी. आपल्या भागात ती ११ किंवा २२ हजार व्होल्टची असते. दोन्ही प्रकार एकाच खांबावर, उच्चदाब वर आणि लघुदाब खाली, असेही सर्रास आढळते. खालच्या तारा बंद केल्याने वरच्या बंद होत नाहीत. काळ्या आवरणाची पिळलेली केबल दिसली की माणसे निर्धास्त होतात. परंतु वाऱ्याने फांदी वर्षभर त्याच जागी घासत राहिली, तर आवरण झिजून आतील ॲल्युमिनियम उघडे पडते. दुर्बिणीतून किंवा मोबाईलचा कॅमेरा मोठा करून ती जागा पाहावी. फांदीवर करपलेला तपकिरी पट्टा किंवा केवळ तारेलगतच्या पानांची जळालेली टोके दिसली, तर फांदी तारेला लागलेली आहे, असेच धरावे.

आता मुख्य मुद्दा. तारेला हात लावू नये, हे सर्वांनाच ठाऊक असते. झाडकामात धोका त्यापुढचा आहे, कारण तेथे प्रवाह फांदी, शिडी, करवत, दोरी किंवा भिजलेल्या बुंध्यातून माणसापर्यंत पोहोचतो. हिरव्या फांदीत रस असतो, पावसाळ्यात साल भिजलेली असते, आणि खाडीकाठच्या हवेत इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो तो निराळाच. हिशेब करून पाहावा : ओली फांदी आणि माणसाचे शरीर यांचा एकत्रित रोध पाच हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला ४६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण टिकला तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. घरातील गळतीरोधक ब्रेकर याच मर्यादेला तुटतो. रोहित्राजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) डीपीतील, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतील, फ्यूज मात्र कित्येक अँपिअरचा भार वाहण्यासाठी बसवलेला असतो आणि इतक्या क्षुल्लक प्रवाहाची त्याला जाणीवही होत नाही. तो फ्यूज तारेचे व रोहित्राचे रक्षण करतो, झाडावरच्या माणसाचे नाही. शिवाय, झटका सौम्य असला तरी वीस फुटांवर असलेल्या माणसाची पकड सुटण्यास तो पुरेसा असतो.

उच्चदाब वाहिनीच्या बाबतीत स्पर्शाचीही गरज नसते. ओली फांदी पुरेशी जवळ गेली की ठिणगी हवेतून झेप घेते. विद्युतकामाचे विशेष प्रशिक्षण नसलेल्या माणसांसाठी अमेरिकेतील वृक्षकामाच्या मानकाने ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारांपासून १० फूट अंतर ठरवले आहे, आणि हे अंतर शरीराइतकेच हातातील अवजारालाही लागू आहे. आपल्याकडील कामातही हा आकडा पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोसायटीच्या आवारात एवढी जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. परंतु जागा मिळत नसेल तर वीज बंद करणे हाच पर्याय राहतो, जपून काम करणे हा नव्हे.

फांदी लागून वाहिनी बंद पडली आणि परिसरात अंधार झाला, तर तारा निर्जीव झाल्या असे कोणीही समजू नये. उपकेंद्रातील ब्रेकर आपोआप किंवा ऑपरेटरच्या हातून पुन्हा चढवला जाऊ शकतो. शांत तार आणि बंद तार यांत पाहून फरक करता येत नाही.

परमिट म्हणजे काय, आणि काय नव्हे

‘साहेब, लाईन बंद केली आहे, करा सुरू’ असा फोन म्हणजे परमिट नव्हे. कोणती वाहिनी, कोठून कोठपर्यंत, किती वाजल्यापासून आणि कोणाच्या जबाबदारीवर बंद केली आहे, हे लिहिलेले आणि वीज कंपनीच्या अधिकृत व्यक्तीने सही करून दिलेले असते ते परमिट. ते हाती आल्यावरही तीन गोष्टी प्रत्यक्ष जागेवर पाहाव्यात. पहिली म्हणजे, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने योग्य टेस्टरने प्रत्येक तार तपासलेली असावी. डीपीतील एकच किटकॅट (काढता-घालता येणारा फ्यूज) काढला असेल तर बाकीच्या दोन फेज जिवंतच असतात. दुसरी म्हणजे, डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडलेल्या असाव्यात, आणि तो रॉड झाडावरच्या माणसाला, निदान खाली उभ्या असलेल्या मुकादमाला, दिसत राहावा. अर्थिंगचा आग्रह जास्तीचा वाटेल, परंतु जनरेटर, इन्व्हर्टर आणि छतावरील सौर संच यांतील एखादी जोडणी सदोष असेल, तर बंद केलेल्या वाहिनीत वीज ग्राहकाच्या बाजूने उलटी येऊ शकते. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते ती पथदिव्यांच्या तारेची. लघुदाब खांबावरील ही जादा तार अनेक ठिकाणी निराळ्या स्विचवर किंवा टायमरवर चालते. दिवसभर ती निर्जीव असते आणि काम संध्याकाळपर्यंत लांबले की अचानक जिवंत होते. ही तार परमिटमध्ये नावानिशी लिहून घ्यावी.

टेस्टर किंवा रॉड स्वतः हाताळण्याचा मोह ठेकेदाराने टाळावा. ते वायरमनचे काम आहे. आपले काम त्याला ते करताना पाहणे एवढेच, आणि तो ‘नंतर लावतो’ म्हणाला तर माणसांना खालीच बसवून ठेवणे.

झाडाभोवतीच्या रोषणाईचाही येथेच विचार करावा. उत्सवात बुंध्याला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, खिळ्यांवर अडकवलेल्या वायरी आणि सोसायटीच्या मीटरवरून ओढलेले जोड हे वीज कंपनीच्या परमिटमध्ये येत नाहीत. ते आधीच्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून मुळापासून काढून घ्यावेत.

अवजारे

ॲल्युमिनियमची शिडी आणि ॲल्युमिनियमच्या दांड्याची लांब करवत तारांजवळच्या कामातून बाद करावी. फायबरग्लासचा दांडा बरा, पण तोही कोरडा व स्वच्छ असेल तरच. बांबू आणि दोर भिजले की त्यांचा भरवसा संपतो. रबरी हातमोज्यांवर त्यांचा दर्जा छापलेला असतो. एक हजार व्होल्टसाठी बनवलेले मोजे २२ हजार व्होल्टपुढे कुचकामी असतात, आणि बागकामाचे मोजे तर या हिशेबात धरूच नयेत. हायड्रॉलिक गाडी आणली की सुरक्षितता आली असे मानतात, परंतु पाळण्याचे आणि बाहूचे इन्सुलेशन तपासलेले नसेल तर ती केवळ उंच लोखंडी शिडी असते.

नारळाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण त्याचे काम किरकोळ समजून वर्षातून कधीही, परमिटाशिवाय उरकले जाते. झावळी चांगलीच लांब असते, देठाशी रसाळ असते आणि तुटताना सरळ खाली न पडता बाजूला तरंगत जाते. झावळीच्या लांबीपेक्षा तार जवळ असेल, तर नारळाला हात लावण्यापूर्वी वीज बंद करून घ्यावी. चढणारा माणूस कितीही सराईत असो, झावळी कोठे पडेल हे त्याच्या हाती नसते.

नवी मुंबईच्या नोडमध्ये (नियोजित वसाहतींत) वरती तारा कमी दिसतात, म्हणून सावधगिरीही कमी होते. तेथे केबल जमिनीखाली असतात आणि पदपथावरचे मिनी पिलर (केबल जोडणीच्या लहान पेट्या) त्यांचा माग दाखवतात. पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या झाडाची मुळे केबल उचकटून वर आणू शकतात. अशा खड्ड्यात पाणी साचलेले असेल तर त्यात उतरू नये, कुऱ्हाड किंवा पहार चालवू नये, आणि १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लोकांना दूर ठेवावे. तार तुटून जमिनीवर पडली असेल तरी हाच नियम आहे. तिच्याजवळ असणाऱ्याने दोन्ही पाय जुळवून, ते जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत किमान दहा मीटर बाहेर पडावे. मोठे पाऊल टाकल्यास दोन पायांखालील जमिनीच्या विद्युतदाबातील फरकानेच झटका बसतो.

अपघात झालाच तर

झाडावर लटकलेल्या माणसाला किंवा त्याच्या दोरीला, वीज बंद होईपर्यंत कोणीही हात लावू नये. ही सूचना पाळणे सर्वांत अवघड असते, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच ती प्रत्येकाकडून मोठ्याने वदवून घ्यावी. वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक मुकादमाच्या खिशात कागदावर असावेत. माणूस खाली आल्यावर श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. झटका बसूनही जो उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, त्यालाही रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

काम संपल्यावर परमिट परत करण्याचाही क्रम आहे. आधी सर्व माणसे आणि अवजारे खाली उतरवून मुकादमाने नावे घेऊन मोजावीत, तारांवर फांदी अडकलेली नाही हे पाहावे, त्यानंतर वायरमनने रॉड काढावा आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे की आता तारा जिवंत मानायच्या. सही त्यानंतर करावी. सही झाल्यावर एखादी फांदी राहून गेल्याचे लक्षात आले, तर ती कितीही लहान असली तरी तिच्यासाठी नवे परमिट घ्यावे लागते.