आबांना लढाईबद्दल विचारायचं कसं?

1971 ला आघाडीवर असलेले आजोबा घरात असले, की ‘आबा, तुम्ही किती मारले?’ हे कुणीतरी विचारतंच. तिथेच गप्पा संपतात. त्याचं उत्तर त्यांनी आजीलाही दिलेलं नसतं. म्हणून सुरुवात त्यांच्या मेडलं-पत्रांच्या ट्रंकेपासून करा.

मेडलांत ‘पूर्वी स्टार’ असेल तर पूर्वेची, बांगलादेशची आघाडी. ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पश्चिम सीमा. 1965 च्या युद्धाचा असतो ‘समर सेवा स्टार’. मेडलच्या मागे किंवा कडेवर नंबर-नाव कोरलेलं असतं. पितांबरीने घासाल तर नेमकं तेच झिजेल; कोरडं सुती फडकं पुरे. जुन्या पत्रांवर ठिकाण शोधू नका, नुसतं ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ असा लष्करी टपालाचा पत्ता दिसेल. पलटण आणि तारखा डिस्चार्ज बुकात मिळतात. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशातल्या जमालपूरला लढली, एवढं आधी वाचून गेलात तरी बोलणं सोपं जातं.

वेळ सकाळच्या चहानंतरची. संध्याकाळी रमचा ग्लास हातात असताना मुळीच नको. तेव्हा निघालेल्या बोलण्याचा दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होतो. समोर नाही, शेजारी बसा. पाहुणे नकोत. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, काय मिळायचं, बूट भिजले की काय करायचात, असं विचारा. शेजारच्या खंदकात कोण होतं, हा प्रश्न सर्वांत जड. नाव सांगून ते थांबले, तर ‘मग त्याचं काय झालं?’ म्हणू नका. नाव लिहून घ्या आणि गप्प बसा. पुढचं कदाचित महिन्याने येईल, कदाचित कधीच नाही.

रेकॉर्डिंग विचारूनच. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर. अर्धा तास बास.

त्या रात्री झोप मोडू शकते. ओरडत उठले तर हलवू नका, हात बसू शकतो. दारातूनच हाक मारा, दिवा लावा. हे आठवडाभर चाललं किंवा पिणं वाढलं, तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, पॉलिक्लिनिक गाठा. ‘आता जगणं नको’ असं बोलले तर त्याच दिवशी; रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच, मोफत.

रेकॉर्डिंगची फाइल दोन ठिकाणी ठेवा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र आबांना विचारल्याशिवाय टाकू नका. खंदकातल्या त्या जोडीदाराचेही घरचे कुठेतरी आहेत.