आठ फुटी फळीवर गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची साइडिंग

ठाण्यातलं कॅडबरी जंक्शन हा रस्त्यांचा चौक आहे, तिथे मालगाडीचे रूळ नाहीत. कारखान्याच्या दारापर्यंत जाणाऱ्या फाट्याच्या रुळाची, म्हणजे साइडिंगची, ही उणीव घरात भरून काढता येते. त्यासाठी १:८७ मापाचं, म्हणजे एचओ स्केलचं मॉडेल रेल्वेचं सामान, आठ फुटांची भिंत आणि एक फूट रुंदीची फळी एवढं पुरतं. खाली दिलेली मांडणी वन बीएचकेच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे बसते.

मांडणी अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातल्या कारखान्याची घ्या. आपल्याकडे साखर रेल्वेने येते ती ५० किलोच्या पोत्यांत, बंद वाघिणींच्या अख्ख्या रेकने, आणि उतरते मालधक्क्यावर. तिथून पुढे ट्रक. चाळिसेक वाघिणी मांडायला जिनासुद्धा पुरायचा नाही, आणि मांडल्या तरी शंटिंगला, म्हणजे वाघिणी मागेपुढे करून लावायला, काही उरत नाही. तिकडे मात्र एकेक वाघीण थेट कारखान्याच्या दारात लागायची. साखर वेगळ्या वाघिणीत, ग्लुकोजचा पाक वेगळ्या, तेल वेगळ्या, पुठ्ठ्याचे खोके वेगळ्या. प्रत्येकीची जागा ठरलेली. खेळायला मिळतं ते यातच.

म्हणून रूळ विकत घेण्याआधी कागदावर एवढंच लिहा: कोणता माल, कोणत्या वाघिणीतून, कोणत्या जागी उतरणार. बहुतेक जण आधी सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, टाकतात, मग इमारत बसवतात आणि शेवटी दार एकीकडे, वाघीण दुसरीकडे अशी गत होते.

कोणत्या वाघिणी घ्यायच्या

एकूण आठ: साखरेचे दोन हॉपर, पाकाच्या दोन टाक्या, खाद्यतेलाची एक टाकी आणि तीन बंद वाघिणी, म्हणजे बॉक्सकार.

साखरेसाठी एअरस्लाइड प्रकारचा हॉपर हवा. त्याच्या तळाशी हवा आरपार जाऊ देणारं कापड असतं. खालून ब्लोअरने हवा सोडली की साखर किंवा मैदा पाण्यासारखा वाहू लागतो आणि नळीतून सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच कोठीत, जातो. धान्याचा हॉपर दिसायला जवळचा असतो आणि स्वस्तात मिळतो, पण छतावरच्या लांबच लांब झाकणपट्टीवरून तो लगेच ओळखू येतो. साखरेच्या हॉपरला गोल झाकणं असतात.

टाक्यांच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. गॅसची लांबलचक टाकी आणून तिला पाकाची म्हणू नका. ग्लुकोजच्या पाकाची घनता १.४ च्या आसपास, तेलाची ०.९२. रूळ पेलतील ते वजन ठरलेलं, त्यामुळे पाकाची टाकी साधारण ६४ हजार लिटरची, तर तेलाची ९५ हजार लिटरच्या घरात. पाकाची टाकी तेलाच्या टाकीहून ठळकपणे आखूड दिसलीच पाहिजे. दोन्हींवर उष्णतारोधक आवरण असतं, म्हणून वरचा पत्रा जरा जाड, फुगीर वाटतो.

तयार गोळ्या-चॉकलेटं नेण्यासाठी वाघीण ठेवू नका. तो माल ट्रकने जाईल. रेल्वेने येतो तो कच्चा माल, परत जातात त्या रिकाम्या वाघिणी.

इंजिन आखूड घ्या. एसडब्ल्यू १५०० हे १९६६ ते १९७४ या काळात बनलेलं शंटिंगचं इंजिन या कामाला चोख आहे. मॉडेल साधारण १६० मिमी भरतं. घेताना सगळ्या चाकांतून वीज घेणारं आहे ना, एवढं पाहा.

फळी आणि मापं

प्लायवूडच्या दुकानात आयएस ७१० शिक्क्याचा, १२ मिमीचा मरीन प्लाय मागा. साधा एमआर प्लाय आयएस ३०३ मध्ये येतो, तो दोन पावसाळ्यांत फुगतो. आठ बाय चारचा ताव तिथेच एक-एक फुटाच्या चार पट्ट्यांत कापून घ्या. एक पट्टी वरची फळी, दुसरीतून ७५ मिमीच्या चिरफळ्या काढून खालची चौकट. आठ फुटी फळी बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये उभी राहत नाही, म्हणून मधोमध कापून दोन बोल्टनी जोडता येईल अशी करा. कडांना आणि खालच्या बाजूलाही ऑइल पेंट मारा. पाणी शिरतं ते कडांतूनच.

वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावायच्या या कोड्याच्या मांडणीला इंग्लनूक म्हणतात: एक लांब रूळ पाच वाघिणींचा, दोन आखूड रूळ तीन-तीन वाघिणींचे, आणि इंजिनासह तीन वाघिणी मावतील एवढी मागेपुढे करण्याची पट्टी. पन्नास फुटी वाघीण कपलरसह, म्हणजे वाघिणी जोडणाऱ्या आकड्यासह, १९० मिमी धरा. मग हिशोब असा: शंटिंगची पट्टी १६० अधिक ५७० म्हणजे ७३०, थोडी सैल ठेवून ७६० मिमी. त्यापुढे पेको कंपनीचे दोन मध्यम सांधे, प्रत्येकी २१९ मिमी. दुसरा सांधा ११९८ ला संपतो आणि फळीचा जोड १२२० ला येतो. जोड सांध्याखाली आला तर सांध्याची पाती कायमची अडखळतात, तेव्हा या आकड्यांत फार फेरफार करू नका.

लांब रूळ पहिल्या सांध्यातून सरळ जातो. सांध्यापुढे शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या वाघिणीला धक्का लागू नये म्हणून १०० मिमी सोडा, मग ९५० मिमी वाघिणींसाठी, मग बफर, म्हणजे रुळाच्या टोकाचा अडसर. हे सगळं २०६० च्या आसपास संपतं. उरलेल्या पावणेचारशे मिमीत रूळ वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. पाचच्या जागी सहा मावल्या की कोडं सुटं पडतं. तिथे ट्रकांचं आवार करा.

रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी. पुढच्या कडेपासून पहिला रूळ ४५ वर, दुसरा ९५, तिसरा १४५. भिंतीकडे कारखान्याला सुमारे १३० मिमी उरतात, फक्त दर्शनी अर्धा भाग दाखवणाऱ्या इमारतीला तेवढे पुरेत.

कारखाना

इमारत ५ मिमी सनबोर्डची करा, शाळेच्या प्रोजेक्टला लागतो तोच. भिंतीलगतच्या रुळावर माल उतरवायचा धक्का येईल. धक्क्याची उंची रुळाच्या माथ्यापासून १३ मिमी, कारण बॉक्सकारची फरशी खऱ्या रुळापासून सुमारे १.१ मीटर वर असते. धक्क्याची कड रुळाच्या मध्यापासून २१ मिमीवर. वाघिणीची अर्धी रुंदी पावणेएकोणीस मिमी, म्हणजे फट दोनेक मिमीची राहते. चिकटवण्याआधी सगळ्या वाघिणी एकदा ढकलून पाहा. पायरी किंवा दांडा घासला तर आत्ताच कळेल.

आता दारं. दोन दारांच्या मध्यांमधलं अंतर १९० मिमीच हवं, वाघिणीच्या कपलरसकट लांबीएवढं. १५० ठेवलं की एक वाघीण दाराला लागते, दुसरी भिंतीला. एका दाराशी कोको आणि दुधाची पावडर, दुसऱ्याशी खोके आणि वेष्टनाचा कागद. त्या रुळावरची तिसरी जागा थांब्याची, तिथे दार नको.

मधला रूळ सुट्या मालाचा, आणि इथे क्रम महत्त्वाचा. थंडीत पाक इतका घट्ट होतो की टाकीतल्या नळ्यांतून वाफ फिरवून तासन्‌तास गरम केल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून पाकाची जागा अगदी आत, बफरजवळ. तेल मध्ये. साखरेची उलाढाल सर्वांत जास्त, म्हणून ती सांध्याजवळ. उलटं केलंत तर प्रत्येक साखरेच्या हॉपरसाठी गरम होत असलेली टाकी हलवावी लागेल, आणि नळी जोडलेली टाकी हलवायची नसते. तिकडे वाघिणीवर माणसं काम करत असली की निळा फलक लावतात आणि तो निघेपर्यंत इंजिन जोडत नाहीत. टाचणीला निळ्या कागदाचा चौकोन चिकटवला की आपलंही काम भागतं.

सायलोसाठी ६३ मिमीच्या पीव्हीसी पाइपचे १६० मिमी उंच तुकडे. खऱ्या मापात हा साडेपाच मीटर व्यासाचा, चौदा मीटर उंच सायलो होतो, मोठ्या हॉपरची जवळजवळ तीन वाघिणी साखर त्यात मावेल. सुटा माल मधल्या रुळावर आणि सायलो भिंतीकडे, म्हणून पाइपांचा पूल धक्क्याच्या रुळावरून न्या, रुळाच्या माथ्यापासून ८० मिमी वर.

वीज, खडी, वजन

रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करा. फक्त जोडपट्ट्यांवर विसंबलात तर खाडीकडच्या दमट हवेत वर्षभरात त्या वीज नेईनाशा होतात आणि इंजिन नेमकं सांध्यावर थांबतं. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून काढा.

खडीसाठी क्रश सँड चहाच्या गाळणीतून चाळून घेतात. आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आपल्या बेसॉल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. चिकटतील तेवढे काढून टाका. फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या पात्यांजवळ मात्र खडी कोरडीही नको.

हलकी वाघीण ढकलताना रुळावरून उतरते. अमेरिकी हौशी संघटनेचा, एनएमआरएचा नियम सोपा आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सात इंची वाघिणीला साडेचार औंस, म्हणजे सुमारे १२८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि कमी पडेल तेवढे लोखंडी वॉशर आत, तळाशी चिकटवा. वर चिकटवले तर डोलते. कपलर सोडवायला विझलेल्या उदबत्तीची काडी टोक काढून वापरा.

खेळ

आठ चिठ्ठ्यांवर आठ वाघिणींचे नंबर. सुरुवातीला पाच लांब रुळावर, तीन मधल्या रुळावर आपापल्या जागी. पाच चिठ्ठ्या काढा, निघतील त्याच क्रमाने लांब रुळावर गाडी तयार करा. असे ६,७२० क्रम निघू शकतात. मधल्या रुळावरच्या पाकाच्या टाकीची चिठ्ठी आली तर फासा टाका. एक किंवा दोन पडले तर ती अजून रिकामी झालेली नाही, निळा फलक राहू द्या आणि दुसरी चिठ्ठी काढा. वाट मोकळी करायला जी वाघीण हलवलीत आणि जी गाडीत जाणार नाही, ती पुन्हा तिच्याच दाराशी लावल्याशिवाय डाव संपत नाही. या एका नियमाने दहा मिनिटांचा डाव अर्ध्या तासावर जातो.

जून ते सप्टेंबर फळी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे बोटभर फट ठेवा. रूळ आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर कधीच नको, त्याच्या चऱ्यांत मळ आणखी लवकर बसतो. आणि हॉपरखाली सांडलेली साखर दाखवायची असेल तर पांढरी रांगोळी टाका. खऱ्या साखरेने मुंग्या येतात, रव्याने किडे.