आधी मेडिकल, मग फी: एअरलाइन पायलट होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

पायलट व्हायचं ठरलं की बहुतेक मुली पहिल्यांदा फ्लाइंग स्कूलची माहितीपत्रकं गोळा करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, कुठेही पैसे भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. आधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) पॅनलवरच्या डॉक्टरांकडे क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग क्लास वन. डोळे, कान, ईसीजी, रक्त, सोनोग्राफी सगळं बघतात. मुलींची स्त्रीरोगतज्ज्ञांकडूनही तपासणी होते. चष्मा चालतो, चष्म्यासह दृष्टी पुरेशी हवी. हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून ‘टेम्पररी अनफिट’ शेरा मिळालेल्या मुली मी जवळून पाहिल्या आहेत. त्या औषधं घेऊन पुन्हा गेल्या आणि फिट झाल्या, त्यामुळे या शेऱ्याने खचू नका. पण एखादी खरी अडचण असेल, तर ती घरावर कर्ज काढल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल (विमानांची सर्वसाधारण तांत्रिक माहिती) आणि टेक्निकल स्पेसिफिक (ठरावीक विमानाची) असे पेपर असतात आणि पास व्हायला 70 टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा वेगळी. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत जाऊन उड्डाणाचे तास भरले, तरी भारतीय लायसन्ससाठी डीजीसीएची परीक्षा चुकत नाही. म्हणून शक्य तेवढे पेपर उड्डाण सुरू होण्याआधीच काढा. दिवसभर विमान उडवून रात्री नेव्हिगेशनची गणितं सोडवणं फार जड जातं.

कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे 200 तास लागतात. त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन केलेले, हवेत. 300 नॉटिकल मैलांचं एक क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं) उड्डाण असतं, शिवाय रात्रीचे पाच तास आणि दहा टेकऑफ-लँडिंग. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात ढग खाली येतात, दृश्यमानता घटते आणि विमानं हँगरमध्ये राहतात. म्हणून स्कूल निवडताना विमानं किती आहेत एवढंच विचारू नका. त्यातली उडण्याच्या स्थितीत किती, इन्स्ट्रक्टर किती आणि मागच्या बॅचला 200 तास पूर्ण करायला प्रत्यक्ष किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. ऑफिसातलं उत्तर आणि हँगरमधलं उत्तर यांत बरंच अंतर असू शकतं. मुलींचं हॉस्टेल धावपट्टीपासून किती लांब आहे आणि पहाटेच्या उड्डाणाला तिथून न्यायची काय सोय आहे, हेही तेव्हाच बघून घ्या.

“एवढं मोठं विमान तुला झेपेल का?” हा प्रश्न तुम्हाला नक्की येणार. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं तेव्हा सगळा क्रू महिलांचा होता. आजच्या एअरबसची साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची बाजूची छोटी दांडी, तर एका हाताच्या मनगटावर चालते. ताकदीपेक्षा डोळ्यांची उंची जास्त महत्त्वाची, आणि त्याबद्दल मुलींना कुणी आधीपासून सांगत नाही. लहान ट्रेनर विमानात सीट खाली राहिली तर विमानाच्या नाकापुढची धावपट्टी नीट दिसत नाही, मग फ्लेअर (टेकण्याआधी विमानाचं नाक किंचित वर उचलणं) कधी लवकर होतो, कधी उशिरा. मुलीला वाटतं, आपल्याला लँडिंगच जमत नाही. उंची कमी असेल तर चांगली घट्ट उशी घ्या आणि रोज तीच वापरा, म्हणजे धावपट्टी रोज एकाच कोनातून दिसेल. रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल पूर्ण दाबेपर्यंत पाय पोचतो ना, हे इंजिन सुरू करण्याआधी तपासा. एअरबस ए320 मध्ये समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर लाल-पांढरे छोटे गोळे असतात. आपल्या जागेवरून एक गोळा दुसऱ्यामागे नेमका झाकला गेला की डोळे योग्य जागी आले. सहा फुटी कॅप्टनही सीट त्याच गोळ्यांवर जुळवतो. आपल्याला सीट जुळवायला लागते याचा कसलाही संकोच नको.

सगळ्यात कठीण काळ लायसन्स हातात आल्यानंतर सुरू होतो. लायसन्स म्हणजे नोकरी नाही. एअरलाइनसाठी टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, लागतं आणि ते अनेकदा स्वतःच्या खर्चाने करावं लागतं. त्यानंतर लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, सिम्युलेटर चेक, मुलाखत. भरती कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. 2019 मध्ये जेट एअरवेज आणि 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी पायलट एकदम बाजारात आले आणि नवख्यांची रांग मागे सरकली. या काळात मुलाला घरचे “मिळेल नोकरी” म्हणतात, मुलीला स्थळं दाखवायला लागतात. म्हणून आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मध्ये वर्ष-दोन वर्षं रिकामी जाऊ शकतात, आणि कर्जाच्या हिशोबात तेवढे हप्ते धरा. वाट बघताना इन्स्ट्रक्टर रेटिंग (उड्डाण शिकवण्याची पात्रता) करता आलं तर उत्तमच, तासही वाढतात. नाहीतर रोज टेक्निकलची उजळणी आणि अधूनमधून सिम्युलेटर. मुलाखतीत गंजलेलं ज्ञान पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) झाल्यावर पुढचा टप्पा एटीपीएलचा, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सचा, त्याला उड्डाणाचे 1500 तास लागतात. बहुतेकींच्या लग्न-मुलांचा विचार याच वर्षांत येतो. गरोदरपण कळल्यावर ते लपवून उडायचं नाही, एअरलाइनच्या डॉक्टरांना लगेच कळवायचं. बाळंतपणानंतर पुन्हा मेडिकल होतं, आणि उड्डाणात जास्त खंड पडला असेल तर सिम्युलेटर आणि चेकही. कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. मात्र पायलटच्या पगारात उड्डाणाच्या तासांवरचे भत्ते मोठे असतात आणि जमिनीवर असताना ते मिळतीलच असं नाही. तेव्हा करारावर सही करण्याआधी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा: रजेत नेमकं काय मिळतं आणि परत आल्यावर सीनियॉरिटी तीच राहते का.