एबी, बीसी की अजून पुढे? मुलाला कॅल्क्युलसमध्ये किती पळवायचं

पुढच्या वर्षीचे विषय निवडायची वेळ आली की इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी घरांमधून हमखास एक प्रश्न येतो: "अमक्याचा मुलगा नववीतच प्रीकॅल्क करतोय, आमची मागे पडली का हो?" मी संध्याकाळी हायस्कूलच्या मुलांना गणित शिकवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मी शेजारच्या मुलाचा विषय तिथेच थांबवते आणि कागद घेऊन बारावीपासून उलटं मोजायला बसवते.

नेहमीचा क्रम असा: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा वन झालं तर कॅल्क्युलस बारावीत येतं, सातवीत झालं तर अकरावीत. त्याही आधी पळवलंत तर दहावीत. मग अकरावी-बारावीत मूल काय शिकणार, हे आजच शाळेला विचारा. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा हे पुढचे विषय शाळेतच असतील तर उत्तम. नसतील, आणि मूल वर्षभर गणिताविना राहणार असेल, तर एवढी घाई कशासाठी केली? सराव सुटला की कॉलेजात इंजिनीअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला हात अडखळतो.

आपण महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स केलं तेव्हा ही निवडच नव्हती. अकरावीत लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, बारावीत इंटिग्रेशन, सगळ्या वर्गाला एकाच वेगाने. म्हणून एबी आणि बीसी ऐकून पालक गोंधळतात. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा. एपी कॅल्क्युलस एबी हे साधारण कॉलेजच्या एका सेमिस्टरएवढं, बीसी दोन सेमिस्टरएवढं. बीसीत एबीचं सगळं आहेच, शिवाय इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पॅरामेट्रिक, पोलर आणि सीरिज. शाळेत आधी एबी घ्यायची सक्ती नसेल तर पाया पक्का असलेल्या मुलाने प्रीकॅल्कनंतर थेट बीसी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. एबी करून मग बीसी घेतलं तर दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग उजळणीत जातो. बीसीच्या निकालात एबीच्या भागाचा स्कोअर वेगळा मिळतो, म्हणजे सीरिजमध्ये गडबड झाली तरी बाकीची मेहनत दिसते. एमआयटीसारख्या ठिकाणी बीसीत ५ पैकी ५ मिळाले तर पहिल्या कॅल्क्युलस कोर्सचं क्रेडिट मिळतं, एबीचं मिळत नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम त्यांच्या साइटवर बघून घ्या, कारण तो कॉलेजागणिक बदलतो.

आता पाया पक्का आहे की नाही, हे कसं ओळखायचं? ग्रेडवरून ओळखू नका. घरचं गणित आईबाबांनी किंवा ट्यूटरने शेजारी बसून सोडवून घेतलेलं असू शकतं. मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवते आणि एक समीकरण देते: साइन दोन थीटा बरोबर कॉस थीटा, ० ते ३६० अंशांतली सगळी उत्तरं काढ. साइन दोन थीटा म्हणजे दोन साइन कॉस, हे बहुतेकांना पाठ असतं. पुढची ओळ बघण्यासारखी असते. घाईने वर चढवलेलं मूल दोन्ही बाजूंचा कॉस छाटून टाकतं आणि ३० नि १५० लिहून पेन ठेवतं. तयार मूल सगळं एका बाजूला आणतं, कॉस कॉमन काढतं आणि ९० नि २७० सुद्धा शोधतं. शून्याने भागायचं नाही, हा नियम त्याच्या हातात मुरलेला असतो. कॅल्क्युलसमध्ये मुलं जे मार्क घालवतात, त्यातले कितीतरी असल्याच बीजगणितात जातात. डेरिव्हेटिव्ह त्यांना येत असतं. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रीकॅल्क उरकून टाकायला मी सहसा नाही म्हणते. ट्रिग आणि लॉग मुरायला महिने लागतात. सुट्टीत अल्जिब्रा टूची कठीण गणितं आणि एएमसी या गणित स्पर्धेचे जुने पेपर सोडवून घ्या, त्याचा उपयोग पुढे जास्त होतो.

ज्या मुलाला हे समीकरण सहज सुटतं आणि वर "असंच अजून एक द्या ना" म्हणतं, त्याला अडवू नका. त्याच्यासाठी काउन्सेलरला ईमेल करा, शाळेची प्लेसमेंट परीक्षा मागा, गरज पडली तर भांडा. फक्त वर्गात मागच्या बाकावर मुकाट बसणाऱ्या मुलीलाही हीच चाचणी द्या. अशा मुली कुणी विचारत नाही म्हणून खालच्या वर्गात राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

बीसीनंतर कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल घ्यायचा विचार असेल तर नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. तिथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि पुढे प्रवेशअर्जात ती दाखवावी लागते. कोर्स सोडायची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि पहिल्या परीक्षेचा पेपर हातात आला की तो त्या तारखेआधी मुलाबरोबर बसून नीट वाचा.