शेळ्या एकाच टायमाला माजावर आणून एआय (कृत्रिम रेतन) कसं करायचं

आपल्याकडे चोपडा, शिरपूर साइडला शेळ्या वर्षभर कधीही वितात आणि मे महिन्यात व्यालेल्या शेळीचं दूध आटतं, करडं उन्हात मरतात, म्हणून आधी विण्याची तारीख धरा आणि तिथून १५० दिवस मागे मोजा. नोव्हेंबर शेवटी वेत पाहिजे तर जुलैच्या सुरवातीला शेळी भरली (फळवली) पाहिजे, तोवर पाऊस पडून बांधाला हिरवं आलेलं असतं आणि पुढं करडं चरायला लागेपर्यंत कापूस वेचून झालेली वावरं मोकळी होतात.

पंधरावीस दिवस आधी जंतनाशक आणि रोज पाव किलो मक्याचा भरडा, हळूहळू वाढवत, एकदम नाही. हाडं दिसणाऱ्या शेळीला माजाचं इंजेक्शन देऊन काही उपयोग नाही, तिला या बॅचमधून बाजूलाच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाभण शेळीला प्रोस्टाग्लँडिनचं (माजावर आणायच्या औषधाचं) इंजेक्शन गेलं की ती गाभडते. आमची एक दोन महिन्यांची गाभण अशीच गेली, बोकड कळपातच फिरत होता आणि आम्ही तपासलंच नाही, आजही वाईट वाटतं. त्यामुळं आधी सोनोग्राफी करा, आणि तपासणीच्या महिनाभर आधीपासून बोकड वेगळा बांधा कारण अगदी सुरवातीचा गाभ सोनोग्राफीत दिसत नाही. घरातल्या गरोदर बाईनं आणि दमा असलेल्यानं या औषधाला हात लावू नये, कातडीतून आत जातं ते.

डॉक्टर पहिलं इंजेक्शन २० जूनला देतील, दुसरं ११ दिवसांनी १ जुलैला. दोन का, तर शेळीचं चक्र साधारण २१ दिवसांचं आणि औषध फक्त बीजांडावर पिवळा गोळा तयार असला तरच लागू पडतं, पहिल्या वेळी ज्या सुटतात त्या दुसऱ्या वेळी सापडतात. हार्मोन भरलेल्या स्पंजची पण पद्धत आहे, ११ ते १४ दिवस योनीत ठेवतात आणि काढताना पीएमएसजी या हार्मोनचं इंजेक्शन देतात, खर्च जास्त पण न फिरणाऱ्या (आपोआप माजावर न येणाऱ्या) शेळ्याही माजावर येतात.

दुसऱ्या इंजेक्शननंतर दोन ते चार दिवसात माज दिसतो, शेपूट सारखी हलते, ओरडते, सोट (चिकट स्राव) पडतो. पोटाला फडकं बांधलेला बोकड सकाळ संध्याकाळ फिरवा, तो बरोबर हुडकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी पण माजावर असली तर परत एकदा. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, थर्मामीटर लावूनच, बोटानं अंदाज नको, आणि बाहेर काढून कोरडी पुसायची कारण पाण्याच्या थेंबानं शुक्राणू मरतात. मागचे पाय उचलून धरायला एक माणूस लागतोच.

भरल्यावर १८व्या ते २२व्या दिवसात लक्ष ठेवा, परत फिरली (माजावर आली) तर बोकडाला लावा.